संपली की संपवली?

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर एक टीव्ही आहे. त्यावर बातम्या लागत नाहीत, क्रिकेट फक्त वर्ल्ड कपच्या वेळी लागतं. एरवी त्यावर आठ चौकोन असतात. एकेक चौकोन म्हणजे आमची एकेक सर्व्हिस. हिरवा असेल तर तिचं शेवटचं डिप्लॉयमेंट नीट पार पडलं, पिवळा असेल तर चालू आहे, लाल असेल तर फसलं. २०२२ च्या उन्हाळ्यात लोक पुन्हा ऑफिसला यायला लागले, तेव्हा दोन शनिवार-रविवार घालवून हा डॅशबोर्ड मी हौसेने लिहिला. कुणी सांगितलं नव्हतं, की कुणी तपासलाही नव्हता. त्यामुळे त्याचं कौतुक झालं ते माझ्या एकटीचं, आणि पुढे जे झालं तेही माझ्या एकटीचंच.

आमचा कोड गिटहबवर असतो आणि डिप्लॉयमेंटही तिथूनच सुटतं. डॅशबोर्डचं काम एवढंच, की गिटहबच्या एपीआयला, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला प्रश्न विचारायच्या खिडकीला, दर मिनिटाला जाऊन विचारायचं : झालं का? प्रत्येक सर्व्हिसमागे दोन प्रश्न : शेवटचं डिप्लॉयमेंट कोणतं आणि त्याची स्थिती काय. आठ सर्व्हिस, सोळा प्रश्न मिनिटाला, ९६० तासाला. याला पोलिंग म्हणतात. पातेल्यात भात लावून दर मिनिटाला झाकण उचलून बघण्यातला प्रकार.

सुरुवातीलाच एक इशारा मिळाला होता, तो मी इशारा म्हणून घेतला नाही. पहिल्या दिवशी मी टोकन, म्हणजे गिटहबला दाखवायचं ओळखपत्र, न लावताच डॅशबोर्ड चालू केला. आमच्या काही रिपॉझिटरी सार्वजनिक आहेत, त्यांच्यावर चाचणी चालू होती. चार मिनिटांत सगळं बंद पडलं. ओळख न सांगता विचारणाऱ्याला गिटहब तासाला फक्त ६० प्रश्न विचारू देतं, आणि ते मोजले जातात आयपी पत्त्यावर. आमचं अख्खं ऑफिस बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसतं. म्हणजे साठ प्रश्न माझ्या एकटीचे नव्हतेच, सगळ्या मजल्याचे होते, आणि ते मी चहा थंड व्हायच्या आत संपवले होते. यातून मी शिकले काय, तर टोकन लावायचं. कोटा वाटून घेतलेला असतो, हे शिकायला हवं होतं. ते राहून गेलं.

टोकन लावल्यावर तासाला ५,००० मिळाले. साठावरून पाच हजारांवर आलेल्या माणसाला पाच हजार अथांग वाटतात. ९६० लागतात, ५,००० मिळतात, म्हणजे पाचपट ऐसपैस. वहीत हा हिशेब मी लिहूनही ठेवला होता. हिशेब बरोबर होता. फक्त तो एकाच पडद्याचा होता.

कारण असं, की टोकन ब्राउझरमध्ये ठेवायचं नसतं एवढं मला कळत होतं, म्हणून मधे आमचा एक छोटा सर्व्हर घातला होता. पण त्या सर्व्हरला मी नुसता पोस्टमन केला होता. कुठल्याही ब्राउझरमधून प्रश्न आला की तो गिटहबकडे न्यायचा, उत्तर परत आणायचं, आणि विसरून जायचं. दोन जणांनी एकच प्रश्न एकाच सेकंदाला विचारला, तर पोस्टमन दोनदा जायचा. एक टीव्ही आणि दोन-तीन टॅब एवढ्यावर वर्षभर निभावलं. टीव्ही धरून सहावा पडदा उघडला असता तर ५,७६० झाले असते आणि तेव्हाच बिंग फुटलं असतं. पण टीव्ही समोर असताना टॅब उघडणार कोण?

टीव्ही समोर नसेल तर सगळेच उघडणार. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आमचं ऑफिस सेनापती बापट रस्त्यावर. दरवर्षी आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी पुण्यात येते, त्या दिवशी शिवाजीनगर, फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता असा एकेक रस्ता वाहनांना बंद होत जातो आणि शहराचा मधला भाग वारकऱ्यांचा होतो. एक पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, दुसरी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या. त्या दिवशी ऑफिसला जायचा हट्ट कुणी करत नाही. २०२३ मध्ये पालख्या आल्या त्या १२ जूनला, सोमवारी. शुक्रवारीच ग्रुपवर मेसेज पडला : सोमवारी सगळ्यांनी घरून. आणि सोमवारी सकाळी दहाला अठरा घरांमध्ये अठरा लॅपटॉप उघडले, आणि त्यांवर अठरा टॅब. कारण रिलीज होतं आणि भिंतीवरचा टीव्ही कुणाच्याच घरी नव्हता. तो ऑफिसात होता. रिकाम्या मजल्यावर, चालू. त्याला कुणी बंद केलं नव्हतं, त्यामुळे तोही इमानदारीने मिनिटाला सोळा प्रश्न विचारत होता. एकोणीस.

एकोणीस गुणिले सोळा, मिनिटाला ३०४ प्रश्न. पाच हजारांचा तासाचा कोटा साधारण साडेसोळा मिनिटांत खलास. म्हणजे त्या दिवशी माझा डॅशबोर्ड दर तासाला सोळा-सतरा मिनिटं बघत होता आणि उरलेली त्रेचाळीस मिनिटं आंधळा होता. हे मी आता सांगते आहे. तेव्हा आम्हाला सगळे चौकोन हिरवे दिसत होते.

ते हिरवे का होते, ही माझी यातली सगळ्यात वाईट चूक. गिटहबकडून चुकीचं उत्तर आलं तर काय करायचं, त्या जागी मी कोडमध्ये लिहिलं होतं की शेवटचं माहीत असलेलं चित्र तसंच ठेव. पडदा मधेच रिकामा झाला तर बरा दिसत नाही म्हणून. आणि त्या ओळीवर माझ्याच हातची टीप होती : 'नंतर बघू'. गिटमध्ये ती ओळ कुणी, कधी लिहिली हे दिसतं. माझं नाव, मे २०२२, रविवार, रात्री अकरा चाळीस. त्या रविवारी मला बहुतेक झोपायचं होतं.

तर, अकरा चाळीसलाच (हा योगायोग मला नंतर फार लागला) घरपोच सामान पोचवणाऱ्या आमच्या एका ग्राहकाची नवी आवृत्ती सुटली. डिप्लॉयमेंट गिटहब ॲक्शन्समधून होतं, त्याचं टोकन वेगळं, त्याचा कोटा वेगळा, म्हणून ते सुटलं. तीन मिनिटांनी ते अर्ध्यावर फसलं. निम्म्या सर्व्हरवर नवी आवृत्ती, निम्म्यांवर जुनी. ऑनलाइन कॉल चालूच होता. टीम लीडने विचारलं, "काय गं, झालं का?" मी टॅबकडे बघून म्हटलं, "हिरवं आहे, जाऊ दे पुढे." माझ्या आवाजात जराही शंका नव्हती.

बारा वाजून पाच मिनिटांनी ग्राहकाकडून फोन आला. लोकांना सामान कधी हवं ती वेळ निवडायचा पडदा कधी रिकामा यायचा, कधी भरलेला. रोलबॅक करा, असं ठरलं. रोलबॅकची स्क्रिप्ट आमच्याकडे आहे, ती आधीचं शेवटचं चांगलं रिलीज कोणतं हे गिटहबला विचारते आणि ते परत चढवते. ती चालवली. उत्तर आलं ४०३.

४०३ म्हणजे मनाई. तुम्हाला हे करायची परवानगी नाही. मर्यादा ओलांडल्याचा खरा क्रमांक ४२९, तो २०१२ च्या आरएफसी ६५८५ मध्ये ठरला आहे, आणि माझ्या डॅशबोर्डच्या कोडमध्ये तेवढीच एक अट होती : ४२९ आलं तर थांब. पण गिटहब कोटा संपल्यावर ४०३ किंवा ४२९ यांपैकी काहीही देऊ शकतं, तसं त्यांच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते पान डॅशबोर्ड लिहिताना उघडलं होतं. वाचलं नव्हतं. त्यामुळे ४०३ बघून मी ठामपणे म्हटलं, "टोकनची परवानगी गेली आहे. नवीन टोकन काढते."

आणि नवीन टोकन काढलं. त्याच बॉट खात्यातून. खात्यात शिरायला दोन पायऱ्यांचा पासवर्ड, तो ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर, तो माणूस तेव्हा पाटील इस्टेटपाशी दर्शनाच्या गर्दीत. बारा सोळाला टोकन हातात आलं. बारा सतराला चालवलं, ४०३. मी म्हटलं, एखादी परवानगी टिक करायची राहिली असेल, परत बघते. बारा एकोणीसला पुन्हा चालवलं आणि चाललं! रोलबॅक झालं, वेळ निवडायचा पडदा नीट यायला लागला, आणि मी कॉलवर जाहीर केलं की टोकनचा घोळ होता, मिटला. दोघांनी अंगठे दाखवले.

खरं काय झालं होतं, तर बारा अठराला तासाचा कोटा नव्याने भरला होता. नव्या टोकनचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. गिटहबचा कोटा टोकनला नसतो, खात्याला असतो. एका खात्यातून दहा टोकन काढा, दहाही त्याच पाच हजारांतून पितात. मी विहीर आटली म्हणून दुसरी बादली आणली होती, आणि नेमकं तेव्हाच विहिरीला पाणी आलं, म्हणून बादलीचे आभार मानले होते.

आणि ती विहीर रिकामी केली होती कुणी? माझ्या डॅशबोर्डने. बॉट खातं एकच, त्यावरच रिलीजच्या नोंदी, त्यावरच रोलबॅकची स्क्रिप्ट, आणि त्यावरच मी हौसेने टांगलेले आठ चौकोन. काम नीट झालं का हे बघणाऱ्याने काम करणाऱ्याचं पाणी संपवलं होतं. आग लागली तेव्हा बंब कोरडा, कारण आग लागली का हे बघायला आम्ही त्यातलंच पाणी शिंपडत बसलो होतो.

हे मला त्या दुपारी कळलं नाही. दुरुस्त केलेली आवृत्ती बारा पन्नासला सुटली, तोवर नवा कोटाही संपलेला होता, आणि चौकोन पुन्हा मुकाट्याने हिरवे. या वेळी मात्र टीम लीडने थेट गिटहबचं पान उघडून बघितलं आणि तिला तिथे पिवळं दिसलं. "तुझ्याकडे हिरवं, इथे पिवळं. असं कसं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी सगळे कॉलवरून गेल्यावर मी टर्मिनल उघडलं आणि गिटहबला एकच साधा प्रश्न विचारला, पण या वेळी उत्तराबरोबर आलेले सगळे हेडर छापून घेतले. त्यात तीन ओळी होत्या :

एक्स-रेटलिमिट-लिमिट : ५०००
एक्स-रेटलिमिट-रिमेनिंग : ०
एक्स-रेटलिमिट-रिसेट : १६८६५७४०८०

वर्षभर प्रत्येक उत्तराबरोबर या ओळी येत होत्या. तुमचा कोटा एवढा, त्यातला एवढा उरला, पुन्हा भरणार तो या क्षणी. लाखो वेळा गिटहबने मला हे न विचारता सांगितलं होतं आणि लाखो वेळा मी फक्त मला हवं तेवढं उत्तर काढून घेऊन बाकीचं फेकून दिलं होतं. त्या शून्याकडे मी बराच वेळ बघत बसले.

तिसऱ्या ओळीने आणखी अर्धा तास खाल्ला. तो आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. मी तो एका संकेतस्थळावर टाकला, उत्तर आलं १२:४८. माझ्या घड्याळात संध्याकाळचे पावणेसहा. दुपारी पावणेएकलाच कोटा भरला असेल, तर आता शून्य कसं? गिटहबचंच काहीतरी चुकतंय असं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. मग बाजूला बारीक अक्षरांत 'यूटीसी' दिसलं. साडेपाच तास मिळवा, सहा वाजून अठरा मिनिटं. भारतात बसून वर्षानुवर्षं सॉफ्टवेअर करणाऱ्या माणसाने ही चूक करू नये. मी केली, आणि ती शेवटची नव्हती : पुढे डॅशबोर्डवर 'कोटा पुन्हा मिळेल' अशी ओळ घातली, तीही यूटीसीत. एका मुलाने मनातल्या मनात नुसते पाच तास मिळवले, अर्धा तास विसरला, आणि तीस मिनिटं आधीच येऊन रागावला.

चूक कळल्यावर आमच्याकडे पोस्टमॉर्टेम लिहितात. कुणाला दोष द्यायचा नाही, काय घडलं तेवढं लिहायचं, अशी रीत. माझा पहिला मसुदा मला वाटलं चांगला जमला होता. त्यातलं मुख्य वाक्य होतं : 'गिटहब एपीआयची तासाची मर्यादा संपल्यामुळे डॅशबोर्डला अद्ययावत स्थिती मिळू शकली नाही.' टीम लीडने त्या वाक्यावर एकच टिप्पणी टाकली.

'संपली की संपवली?'

मी चिडले. दोष द्यायचा नाही ना, मग हे काय? रात्री भांडी आवरताना लक्षात आलं, की ती दोष देत नव्हती, व्याकरण दुरुस्त करत होती. 'संपली' म्हटलं की मर्यादा हे पावसासारखं काहीतरी होतं, येतं, जातं, आपण काय करणार. 'संपवली' म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो : कुणी, कितीने, किती वेळात? आणि या तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती, कारण मी मोजतच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी वाक्य बदललं आणि एकोणीस गुणिले सोळाचा गुणाकार त्याखाली मांडला.

दुरुस्तीत मी काय काय केलं ते सांगायला फार वेळ लागणार नाही, चुका मात्र तिथेही आहेत. पोस्टमनची नोकरी गेली. सर्व्हर स्वतःच मिनिटाला एकदा सोळा प्रश्न विचारू लागला, उत्तर जवळ ठेवू लागला, आणि जितके टॅब उघडे असतील तितक्यांना तेच वाढू लागला. टॅब एक असो की शंभर, तासाला ९६० च्या वर जाणार नव्हतं. मी आधी मनाशी म्हटलं होतं की मागे पडलेल्या टॅबना ब्राउझर आवर घालतोच. खरंच घालतो. जानेवारी २०२१ मधल्या क्रोम ८८ पासून पाच मिनिटं लपलेल्या टॅबचं घड्याळ मिनिटाला एकदाच वाजतं. पण माझं घड्याळ मिनिटाचंच होतं. आवर घातला गेला तो शून्य.

मग ईटॅग. गिटहब प्रत्येक उत्तरावर एक खूण लावून देतं. पुढच्या वेळी ती खूण दाखवून विचारलं की 'यानंतर काही बदललंय का', आणि बदललं नसेल तर नुसता ३०४ क्रमांक येतो, मजकूर येत नाही, आणि टोकन व्यवस्थित लावलेलं असेल तर तो प्रश्न कोट्यात धरला जात नाही. (मिनिटाला ३०४ प्रश्नांनी आम्ही बुडालो आणि ३०४ नेच तरलो, याची गंमत ऑफिसात मला एकटीलाच वाटली.) मी ते बसवलं, दिवसभर चालवलं, आणि एकही ३०४ आला नाही. दोन दिवस शोधलं. जुन्या काळी ब्राउझरने शिळं उत्तर देऊ नये म्हणून मी प्रत्येक पत्त्याच्या शेवटी चालू वेळ चिकटवत असे. खुणा मी पत्त्याप्रमाणे साठवत होते, आणि प्रत्येक पत्ता जन्मातून एकदाच येत होता. मीच दर मिनिटाला नवं नाव सांगून विचारत होते की मला ओळखलंत का.

डॅशबोर्डसाठी वेगळं गिटहब ॲप काढलं, म्हणजे त्याचा कोटा वेगळा. बघणाऱ्याचं पाणी वेगळं, करणाऱ्याचं वेगळं. हे एकच काम जरी मी मे २०२२ मध्ये केलं असतं, तरी रोलबॅक पहिल्या फटक्यात झालं असतं.

आणि वेबहुक. झाकण उचलून बघण्याऐवजी कुकर लावायचा : डिप्लॉयमेंटची स्थिती बदलली की गिटहब स्वतः शिट्टी देतं. हे कळल्यावर मी पोलिंग पूर्ण काढून टाकलं आणि आठवडाभर स्वतःवर खूश होते. मग एका रात्री आमचा सर्व्हर पाच मिनिटं बंद होता, तेवढ्यात शिट्टी झाली, आणि सकाळी येऊन बघतो तर एक चौकोन रात्रीपासून पिवळाच. गिटहब दहा सेकंदांत पोच मागतं, मिळाली नाही तर ती शिट्टी फसली असं लिहून ठेवतं, आपणहून पुन्हा वाजवत नाही. घरात कुणी नसताना झालेल्या शिट्ट्या कोण मोजणार? म्हणून आता शिट्टीही आहे आणि दर पाच मिनिटांनी एकदा स्वयंपाकघरात डोकावणंही आहे.

एक दुरुस्ती मात्र मी लपवून केली होती, ती सांगते. जुन्या कोडमध्ये चूक आली की लगेच तीनदा पुन्हा विचारायची सोय होती. म्हणजे कोटा संपल्यावर आम्ही गप्प बसण्याऐवजी चौपट आरडाओरडा करत होतो. मर्यादा संपल्यावरही विचारत राहिलात तर तुमचं ॲप बंद केलं जाऊ शकतं, हेही त्या न वाचलेल्या पानावर आहे. आणि कोटा भरला रे भरला की सगळे टॅब एकदम तुटून पडत, सोसायटीत पाणी आल्यावर सगळ्या मजल्यांवर एकदम नळ सुटावेत तसे. यावरचा उपाय माझ्या जन्माच्या आधीचा आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहानेटवर १९७१ पासून बेटाबेटांवरची यंत्रं एकाच रेडिओ लहरीवर बोलत, दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळलं की प्रत्येक जण वाटेल तेवढा वेळ थांबून मग पुन्हा बोलायचा. सगळे एकाच वेळी पुन्हा बोलले तर पुन्हा आदळणारच. आता आमचं यंत्रही थांबतं, दर वेळी दुप्पट, आणि त्यात थोडा यादृच्छिक उशीर मिसळून. पोस्टमॉर्टेममध्ये तीनदा विचारण्याचा उल्लेख मी केला नव्हता. बाकीच्या चुका भोळेपणाच्या वाटल्या असत्या, ही आडदांडपणाची वाटली असती.

राहिलं मोजणं. उरलेला कोटा आता मी साठवते, त्याचा आलेख काढते, बॉट खात्याचाही. तो विचारायला गिटहबची वेगळी जागा आहे आणि तिथे विचारलेलं तासाच्या कोट्यात धरत नाहीत. ५०० च्या खाली गेला की सगळ्यांना मेसेज. झालं असं, की रात्री एक वाजता आमची एक जुनी स्क्रिप्ट सगळ्या रिपॉझिटरींचा इतिहास उपसते आणि साडेचार हजारांच्या वर प्रश्न विचारते. ते ठीकच आहे, त्या वेळी दुसरं कुणी नसतं. पण मेसेज रोज रात्री. चौथ्या दिवशी सगळ्यांनी तो ग्रुप म्यूट केला. पाचव्या दिवशी मीही केला.

आमचे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. सकाळी पेपर आला की आधी ते खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर यांचा साठा बघतात आणि कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलने लिहितात. चारही मिळून पूर्ण भरली की २९.१५ टीएमसी. एका रविवारी मी कंटाळून त्यांना माझ्या मेसेजचं रडगाणं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पाच टीएमसी हा आकडा चांगला की वाईट?"

"वाईट असेल, बाबा. कमी आहे ना."

"जूनच्या शेवटी पाच असेल तर मी झोपतो. डिसेंबरात पाच असेल तर सगळं पुणं जागं राहील. तारीख न बघता साठा वाचतेस होय?"

मी कागद घेऊन बसले. उरलेला कोटा एकीकडे, तो भरायला उरलेली मिनिटं दुसरीकडे, आणि गेल्या काही मिनिटांत आपण कोणत्या वेगाने पितो आहोत हे तिसरीकडे. चारशे उरलेत आणि भरायला तीन मिनिटं आहेत, तर काही झालेलं नाही. तीन हजार उरलेत, पण मिनिटाला शंभर जाताहेत आणि भरायला पन्नास मिनिटं आहेत, तर आत्ताच उठा. मग मी पालखीच्या दिवसाचे आकडे त्यात घालून बघितले. पाचव्या मिनिटाला ३,४८० उरले असते, मिनिटाला ३०४ या वेगाने ते साडेअकरा मिनिटं पुरले असते, आणि भरायला पंचावन्न मिनिटं बाकी. मेसेज पाचव्या मिनिटालाच गेला असता. अकरा तेवीसला. डिप्लॉयमेंटच्या सतरा मिनिटं आधी.

आता टीव्हीवर आठ चौकोनांखाली कोपऱ्यात एक छोटा आकडा असतो, आणि प्रत्येक चौकोनात ही माहिती किती मिनिटांपूर्वीची आहे ते लिहिलेलं असतं. दहा मिनिटांहून शिळी झाली की चौकोन करडा होतो, मग आधी तो हिरवा असो की लाल. नवीन येणारे विचारतात की करडा म्हणजे काय. मी सांगते, माहीत नाही म्हणजे करडा.

रोलबॅकची स्क्रिप्ट आणि ती रात्रीची जुनी स्क्रिप्ट मात्र अजून एकाच बॉट खात्यावर आहेत. रात्री एक वाजता कधी रोलबॅक करावं लागलं तर काय होईल, हे मला माहीत आहे. दोघींची खाती वेगळी करायचं तिकीट मी स्वतःच उघडलं, जुलै २०२३ मध्ये. ते अजून माझ्याच नावावर आहे.